परिसंस्थेचा धडा बांधावर बसून कसा शिकायचा

नववीच्या पोरापोरींसाठी लिहायलोय, आठवीवाल्यांनाही चालंल. परिसंस्था, उत्पादक, विघटक, अन्नजाळं हे शब्द घोकत बसण्यापेक्षा एका रविवारी सकाळी रानात जा, शहरात राहत असाल तर मामाच्या नाहीतर मित्राच्या गावाला जा पण जाच, कारण ह्या धड्यातली जवळपास सगळी उदाहरणं आपल्या बांधावरच सापडतात. सोबत वही, पेन, चार काड्या, चार-पाच मीटर सुतळी न् पाण्याची बाटली घ्या. पोळ्याच्या आसपासचे दिवस एकदम बेस्ट. पायात बूट पाहिजेतच, आणि बिळात हात घालायचा नाही, घोणस असते.

बांधावर काड्या रोवून एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा. शास्त्रज्ञ पण असाच चौकोन आखून मोजतात, त्याला क्वाड्राट म्हणतात. आता त्यात जे जिवंत दिसंल ते वहीत डावीकडं लिहा, गवत, मुंग्या, नाकतोडा, गांडूळ, आणि उजवीकडं काळी माती, ओल, ऊन, दगड, हवा. झाले जैविक आणि अजैविक घटक. ह्या दोन्हींचं आपसात जे देणंघेणं चालू असतं त्या सगळ्यासकट परिसंस्था, आणि इकोसिस्टिम हा शब्द आर्थर टॅन्सली ह्या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं १९३५ साली छापला. चौकोनातल्या एकाच जातीच्या मुंग्या म्हणजे पॉप्युलेशन, सगळ्या जाती मिळून कम्युनिटी.

आता अन्नसाखळी. इथं बाणाची चूक सगळेच करतात, माझ्या पुतणीचे सहामाहीत दोन मार्क ह्याच्यातच गेले. तिनं बाण अळीकडून पानाकडं काढला, कारण अळी पान खाते. पण बाण कोण कुणाला खातं ते सांगत नाही, ऊर्जा कुठं गेली ते सांगतो, म्हणून तो खाल्लेल्याकडून खाणाऱ्याकडं जातो. सोयाबीन → अळी → कोतवाल → शिक्रा (पाखरं मारून खाणारा शिकारी पक्षी). कोतवाल म्हणजे तो दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी, तारेवर बसून असतो न् खाली किडा दिसला की झेप घेतो, दहा मिनिटं बघत बसलात तरी किती वेळा उडाला ते मोजता येतं. सोयाबीन उत्पादक, म्हणजे आपलं अन्न आपणच बनवणारं, अळी प्राथमिक भक्षक, कोतवाल द्वितीयक, शिक्रा तृतीयक.

एका पातळीवरून वरच्या पातळीला साधारण १० टक्केच ऊर्जा पोचते, रेमंड लिंडेमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये मांडलेला नियम. पानांत १००० किलोकॅलरी धरली तर अळ्यांत १००, कोतवालात १०, शिक्र्यात १. बाकीची हालचालीत, उष्णतेत, न पचलेल्यात जाते. म्हणून तर अळ्या हजारोनं असतात आणि शिक्रा सगळ्या शिवारात एखाद-दुसराच दिसतो.

साखळ्या एकमेकींत गुंतल्या की अन्नजाळं. ज्वारी उंदीर खातो, उंदराला धामणही खाते न् घुबडही. धामण दिसली की काठी घेऊन धावणारे लोक आपल्याकडं अजून आहेत, ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाऊन आपलंच धान्य वाचवते, हे घरी जाऊन नक्की सांगा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. घरच्यांना विचारून सोयाबीनचं एक झाड मुळासकट हळूच उपटा, ओढून तोडू नका, ओल असंल तर अलगद येतं. माती झटकली की मुळांवर मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर आतले रायझोबियम जिवाणू कामाला लागलेले आहेत, हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणायलेत. पांढरी किंवा हिरवट असंल तर काम सुरू नाही नाहीतर संपलंय. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नायट्रोजन देतात, हेच सहजीवन, आणि नायट्रोजन चक्राची सुरुवातही इथंच.

मग दोन-तीन दिवसांचा शेणाचा पो शोधा, काडीनं उलटा करा. खाली किड्यांनी पाडलेली भोकं, कधी बुरशीचे पांढरे धागे. बुरशी आणि जिवाणू हे विघटक. शेणकिडे शेण फोडून मातीत नेतात, त्यामुळं विघटकांचं काम सोपं होतं. गिधाड मात्र विघटक नाही बरं का, ते मेलेलं जनावर खाणारा भक्षकच, विघटक पदार्थ मोडून परत मातीत क्षार मोकळे करतात. म्हणून पोषकद्रव्यं फिरत राहतात पण ऊर्जा एकाच दिशेनं जाते, हा फरक लिहून ठेवा, हमखास विचारतात.

बांधावर गाजरगवत असणारच, त्याला हात लावू नका, खाज सुटते. हे मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडं त्याला खाणारं फारसं कुणी नाही म्हणून ते माजलं, आक्रमक परकी प्रजाती म्हणतात ती हीच. मेक्सिकन भुंगे त्याची पानं खातात म्हणून ते मुद्दाम आणून सोडलेत.

काड्यांची जागा खुणेच्या दगडानं पक्की करून ठेवा. मे महिन्यात, घरच्यांनी बांध पेटवायच्या आधी, परत त्याच चौकोनात जा, भेगा किती खोल गेल्यात ते काडी घालून मोजा, आणि वहीत पोळ्याला लिहिलेल्या पानाशेजारी नवीन यादी लिहा.