परदेशातील धर्मसत्तेवर चर्चा कशी घ्यावी

प्रतिसरकारची आठवण जपणाऱ्या साताऱ्यात इराणवर चर्चा ठेवायची असेल, तर प्रथम तेथील सत्तेची रचना फळ्यावर मांडावी. राष्ट्राध्यक्ष आणि संसद मतदानाने निवडली जातात. परंतु उमेदवार कोण असावेत हे १२ सदस्यांचे पालक मंडळ ठरवते, ज्यातील ६ धर्मशास्त्री सर्वोच्च नेता (राष्ट्राध्यक्षाच्याही वर असलेला धर्मगुरू) नेमतो आणि उरलेले ६ कायदेतज्ज्ञ त्यानेच नेमलेल्या न्यायप्रमुखाने सुचवलेल्या नावांतून संसद निवडते. ही साखळी समजल्याशिवाय 'निवडणुका तर होतात' या युक्तिवादाला उत्तर देता येत नाही.

शासन आणि जनता यांची गल्लत होऊ देऊ नये. २०२२ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियाही इराणीच होत्या. कोणी बोट इथल्या मुस्लिम शेजाऱ्यांकडे वळवले, तर सभाध्यक्षांनी त्याला तिथेच थांबवावे. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी जबाबदारी आहे.

बाहेरून सत्तापालट घडवावा असे कोणी सुचवल्यास १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या मदतीने इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांचे सरकार कसे उलथवले गेले, हे सांगावे. ठराव करायचाच असेल, तर तो राजकीय कैद्यांच्या सुटकेसारख्या नेमक्या मागणीपुरता ठेवावा.