विझर्डच्या स्पेलबुकात नवे स्पेल कसे चढवायचे

'लेव्हल वाढली की स्पेल येतातच, बाकी कटकट कशाला?' असा सल्ला देणाऱ्यांनी सरळ सॉर्सरर (ज्याला पुस्तक लागतच नाही असा जादूगार) खेळावा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळातला विझर्ड, म्हणजे पुस्तकातून स्पेल (मंत्र) शिकणारा जादूगार, पहिल्या लेव्हलला सहा स्पेल घेऊन निघतो आणि पुढे दर लेव्हलला दोन फुकट मिळवतो. विसाव्या लेव्हलला झाले ४४. त्यावरचा प्रत्येक स्पेल कमवावा लागतो. पुढचं सगळं ॲडव्हेंचरर्स लीगसारख्या संघटित खेळासाठी आहे, जिथे टेबल आणि डीएम (खेळ चालवणारा) बदलत राहतात पण तुमचं पात्र तेच असतं.

फुकटचे दोन आधी ठरवा. घरच्या कॅम्पेनमध्ये (त्याच मंडळींच्या लांबलचक खेळात) दुर्मीळ स्पेल फुकटात घ्या आणि नेहमीचे नंतर दुसरीकडून पुस्तकात उतरवा, असं सांगतात. इथे ते चालत नाही. पुढच्या टेबलावर कोण बसेल याचा भरवसा नाही, म्हणून ज्यांच्याशिवाय अडेल असे फायरबॉल, काउंटरस्पेल फुकटातच घ्या. आयडेंटिफाय, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस असले रिच्युअल (सावकाश विधीने टाकायचे स्पेल) नंतर उतरवले तरी चालतं. ते आधी तयार (म्हणजे त्या दिवसासाठी पाठ) न करताही थेट पुस्तकातून टाकता येतात, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात.

दुसरा विझर्ड दिसला की त्याचं स्पेलबुक मागा. खेळ सुरू व्हायच्या आधी मागा, शेवटी सगळे बॅगा भरत असतात. प्रत्येक स्पेल लेव्हलमागे दोन तास आणि ५० गोल्ड. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला सहा तास, १५० गोल्ड. कसलाही रोल (फासा टाकणं) नाही, समोरच्याचं काही जात नाही. स्पेल विझर्डच्या यादीतला हवा आणि त्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी जागा) तुमच्याकडे हवा. कॅन्ट्रिप (हवे तितक्या वेळा टाकता येणारे साधे स्पेल) असे उतरवता येत नाहीत.

आता स्क्रोल, म्हणजे स्पेल लिहिलेली गुंडाळी. अडकायला होतं ते इथे. मीही इथेच बराच काळ अडखळलो, कारण 'स्क्रोल मिळाला की लगेच उतरव' हेच जो तो सांगत होता.

स्क्रोलवरून उतरवताना अर्काना (जादूचं ज्ञान) चेक द्यावा लागतो: वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, १० अधिक स्पेलची लेव्हल. आणि चेक जमो वा फसो, स्क्रोल नष्ट होतो. हे वाक्य दोनदा वाचा. तिसऱ्या लेव्हलच्या फायरबॉलचा डीसी १३. पाचव्या लेव्हलचा, इंटेलिजन्स १८ असलेला आणि अर्कानात प्रोफिशियन्सी (प्रावीण्य) असलेला विझर्ड रोलमध्ये ७ची भर घालतो, तरीही चारात एकदा फसतो. प्रोफिशियन्सी नसेल तर शंभरात चाळीस वेळा. विझर्ड करून अर्काना न घेणाऱ्यांबद्दल मी बोलणारच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. तोच स्पेल टेबलावरच्या कुणाच्या पुस्तकात असेल तर तिथून घ्या आणि स्क्रोल लढाईत वापरायला राखून ठेवा. कुणाकडेच नसेल तर ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून चांगला आकडा धरणं) मिळेल तेव्हाच हात घाला: अर्काना जाणणारा सोबती हेल्प करत असेल आणि डीएम ते मान्य करत असेल, तर वरच्या उदाहरणातला धोका चारात एकवरून सोळात एकवर येतो. क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) गायडन्सवर, म्हणजे चेकला भर देणाऱ्या स्पेलवर, मात्र विसंबू नका. तो जास्तीत जास्त एक मिनिट टिकतो आणि तुमचं लेखन सहा तास चालणार. काही डीएम चालवून घेतात, काही नाही, आणि फासा हातात घेतल्यावर हा वाद घालणं म्हणजे सगळ्यांची संध्याकाळ खाणं. आधीच विचारा. चेक फसला तर गोल्डही जातं का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

स्पेल एकदाच लागणार असेल तर उतरवूच नका, स्क्रोल वाचून टाका. आणि क्लेरिकच्या यादीतला क्युअर वुंड्स स्क्रोलवर असला तरी तुमच्या पुस्तकात जात नाही, कितीही छान रोल आला तरी.

नोंद. लीगमध्ये या कामाला डाउनटाइम (साहसांच्या मधला वेळ) लागतो. त्याचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा मित्राच्या आठवणीवर न जाता चालू नियमपुस्तिका उघडा. लॉगशीटवर स्पेलचं नाव, तो कुठून आला, कोणत्या ॲडव्हेंचरमध्ये आणि किती गोल्ड गेलं, हे त्याच दिवशी लिहा. तीन महिन्यांनी नवा डीएम 'हा स्पेल कुठून आणला?' विचारतो तेव्हा 'कुणाकडून तरी घेतला' हे उत्तर चालत नाही.

दुसरी प्रत. आपल्याच पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरवायला लेव्हलमागे एक तास आणि १० गोल्ड. पाचव्या लेव्हलपर्यंत करून टाका.

नवा स्पेल, साधारणपणे लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर), तयार केल्याशिवाय टाकता येत नाही. रिच्युअल तेवढे अपवाद.