सोळावं सरलं आणि पोटगी थांबली

आम्ही इंग्लंडात राहतो. लेक 16 ची झाली आणि सप्टेंबरात तिच्या बाबांकडून येणारे पैसेच बंद! आधी त्याच्यावरच तोंडसुख घेतलं. घोळ माझा निघाला. मुलगी पुढे शिकतेय का, असं विचारणारं चाइल्ड बेनिफिटचं (मुलांसाठी सरकार पालकांना देतं त्या पैशांचं) पत्र फ्रिजवर पिझ्झाच्या कूपनखाली पडून होतं. उत्तर नाही, म्हणून 31 ऑगस्टनंतर बेनिफिट बंद. आणि मेंटेनन्सचं, म्हणजे पोटगीचं, गणितही त्यालाच बांधलेलं. ए-लेव्हलचा (आपल्या अकरावी-बारावीसारखा) प्रवेश ऑनलाइन कळवला, मग पोटगीचं काम बघणाऱ्या सरकारी मेंटेनन्सवाल्यांना फोन लावला. दोन्ही परत सुरू झालं. पण फार तर विसाव्या वाढदिवसापर्यंतच, तेही आठवड्याला सरासरी 12 तासांहून जास्त शिक्षण असेल तर. युनिव्हर्सिटी यात धरत नाहीत. (तो खर्च हे वेगळंच रडगाणं.)