सभेच्या नोटिशीआधी ई-मेल ग्रुपची तयारी

मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस सभासदांना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे ई-मेलच्या ग्रुपमधील पत्ते तपासण्याचे काम सचिवांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच हाती घ्यावे. एकदा गणपती आले की निम्मी इमारत गावी जाते आणि पत्ता विचारायलासुद्धा दार उघडे सापडत नाही.

कामाला सुरुवात संगणकापासून करू नये. आधी सभासद नोंदवही, म्हणजे ‘आय’ नमुना, आणि सभासदांची सूची, म्हणजे ‘जे’ नमुना, टेबलावर घ्यावी आणि एकेक सदनिका घेऊन तिच्या सभासदाचा पत्ता ग्रुपमध्ये आहे की नाही ते पाहावे. बहुतेक जण उलट करतात, ग्रुप उघडून त्यातील नावे वाचत जातात. अशाने जे ग्रुपमध्ये आहेत तेवढेच तपासले जातात आणि जे सुटले आहेत ते सुटलेलेच राहतात. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील काकूंच्या बाबतीत असेच झाले. यजमानांच्या निधनानंतर सदनिका त्यांच्या नावावर झाली, नोंदवहीत तशी नोंदही झाली, पण ग्रुपमध्ये काकांचाच पत्ता राहिला, आणि पुनर्विकासाच्या सभेची नोटीस वर्षभर कोणी न उघडलेल्या खात्यात जाऊन पडली. काकूंना सभा झाल्याचे जिन्यात कळले. सचिव मी होतो, आणि तेव्हापासून नोंदवही समोर असल्याशिवाय मी ग्रुपला हात लावत नाही.

कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व संपर्कांची सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी, उतरवून घ्यावी आणि फाईलच्या नावात तारीख घालावी. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये गेल्या ३० दिवसांतील बदल मागे घेण्याची सोय आहे, परंतु त्यात सगळेच संपर्क जुन्या स्थितीला जातात, त्यामुळे मधल्या काळात केलेले चांगले कामही पुसले जाते. ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. तसे दिसले तर ती जतन न करता बंद करावी आणि यूटीएफ-८ ही देवनागरी अक्षरे नीट वाचणारी संकेतपद्धत निवडून पुन्हा आत घ्यावी.

संपर्काच्या नावात सदनिका क्रमांक आधी लिहावा: ‘बी-३०४ कुलकर्णी’. एकाच इमारतीत चार कुलकर्णी असतात, पण बी-३०४ एकच असते, आणि क्रमाने लावलेल्या यादीत मधला क्रमांक गाळला गेला असेल तर तो लगेच डोळ्यांत भरतो. त्यानंतर ग्रुप वेगळे करावेत. सभासदांचा एक, सहयोगी सभासदांचा एक, कार्यकारिणीचा एक, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचा एक. पाणी बंद राहणार असल्याची सूचना भाडेकरूंनाही हवी. लेखापरीक्षण अहवाल आणि थकबाकीचा तपशील मात्र त्यांच्याकडे जाता कामा नये. स्वतःच्या सदनिकेत राहणारे काही कार्यकारिणीतही असतात. एकच संपर्क दोन ग्रुपमध्ये घालता येतो, त्यासाठी तो दोनदा तयार करू नये.

पत्ते गोळा करताना तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नये. चिठ्ठीवर घेतलेला पत्ता त्याच दारात उभे राहून एकेक अक्षर वाचून दाखवावा, कारण शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांत हाताच्या लिखाणात फरक राहत नाही, आणि दोन शब्दांमधील खालची रेघ तर पत्त्याखाली रेघ ओढलेली असली की दिसतच नाही. जुन्या अर्जांवर अजूनही व्हीएसएनएलचे, मध्ये ‘बॉम’ असलेले डायल-अपच्या काळातील पत्ते सापडतात. असा पत्ता दिसला की त्या सभासदाला लगेच फोन करावा.

पत्ता बदलल्यावर तो ग्रुपमध्येही बदलला आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे. गुगलमध्ये ग्रुपचे काम लेबल करते, त्यामुळे संपर्क सुधारला की काम झाले. मात्र एका संपर्कात दोन पत्ते असतील तर संदेश कोणत्या पत्त्यावर जातो ते पाठवण्याआधी तपासावे. संगणकावरील जुन्या आउटलुकमध्ये ग्रुप उघडून ‘अपडेट नाऊ’ दाबावे लागते, नाहीतर संपर्कात नवा पत्ता आणि ग्रुपमध्ये जुना, अशी स्थिती राहते.

नोटिशीच्या किमान आठ दिवस आधी दोन ओळींचा चाचणी संदेश पाठवावा. सर्व पत्ते बीसीसीमध्येच, म्हणजे इतरांचे पत्ते कोणाला दिसत नाहीत त्या रकान्यातच, घालावेत. एका सभासदाचा पत्ता त्याला न विचारता दुसऱ्याला दाखवू नये, आणि ‘टू’मध्ये दीडशे पत्ते घातले की प्रत्येक ‘रिप्लाय ऑल’ सगळ्यांच्या डोक्यावर येतो. मोफत जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच संदेश जातात, त्यामुळे मोठ्या संकुलांनी पाठवणी दोन दिवसांत वाटून घ्यावी. परत आलेला प्रत्येक संदेश उघडून वाचावा. ५.१.१ हा आकडा असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही, ५.२.२ असेल तर खाते भरलेले आहे, आणि चारने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण दाखवतो. शेवटच्या प्रकारातील पत्ता घाईने काढून टाकू नये. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून बंद करू लागले आहे, त्यामुळे परदेशी मुलांकडे जाऊन राहिलेल्या ज्येष्ठांचे पत्ते विशेष काळजीने पाहावेत.

संदेश परत आला नाही म्हणजे तो वाचला गेला, असे मात्र धरू नये. चाचणी संदेशात ‘मिळाला’ एवढेच उत्तर मागावे आणि ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांची खूण नोंदवहीतील सदनिका क्रमांकासमोर करावी. ज्यांच्यापुढे खूण आहे आणि ज्यांना ई-मेलच नाही, अशा सर्वांची कागदी नोटीस त्याच दिवशी छापून ठेवावी, ती घरोघरी पोहोचवावी आणि पोचवहीवर सही घ्यावी.