मुंबईहून गोवा-कोकण: ट्रेन, गाडी की विमान? ठरवताना या चुका टाळा

‘विमान सव्वा तासात पोचवतं, मग रात्रभर ट्रेनमध्ये कशाला अंग आंबवून घ्यायचं?’ सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न घराघरात निघतो आणि बहुतेक वेळा तिकिटाचा दर बघून निकालात काढला जातो. दर बघावाच. पण त्याआधी पोचायचं नेमकं कुठे आहे, हे ठरलेलं हवं. ‘गोवा’ एवढं उत्तर पुरत नाही आणि ‘गावी’ तर अजिबात नाही. माझं मत विचाराल तर वाहन निवडायचं ते शेवटच्या टप्प्याकडून मागे मोजत. घराच्या दारातून सुरुवात केली की हिशेब हमखास चुकतो.

तिकीट नुसतं ‘गोव्याचं’ काढणं

गोव्याला दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा दाबोळी जुना. पेडणे तालुक्यातल्या मोपाला जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. बुकिंग करताना स्वस्त दिसलं म्हणून मोपाचं तिकीट काढायचं आणि हॉटेल मात्र पार दक्षिणेतल्या पाळोळ्याला, हा प्रकार सर्रास होतो. मग उतरल्यावर शंभरेक किलोमीटरची टॅक्सी करावी लागते आणि विमानात वाचवलेले पैसे तिथेच जातात. उलट उत्तरेतल्या हरमल, मोरजी, मांद्रे इथे राहणार असाल तर मोपाच बरा. सावंतवाडी-बांदा-वेंगुर्ल्याच्या चाकरमान्यांनी तर मोपाकडे गोव्याचा विमानतळ म्हणून न बघता आपल्या गावचा म्हणून बघावं, इतका तो हद्दीला लागून आहे.

टॅक्सीचंही आधीच बघून ठेवा. मुंबईच्या सवयीने ओला-उबर उघडून बसाल तर गोव्यात हाती काही लागत नाही. प्रीपेड काउंटर, गोवामाइल्सचं ॲप किंवा विमानतळावरून सुटणारी कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, बस, हे तिथले पर्याय. बस स्वस्त आहे, पण तिच्या वेळा विमानाच्या वेळेशी जुळतात का ते पाहा.

रेल्वेचंही तेच. म्हापसा, कळंगुट, हणजुणेसाठी थिवी, पणजीसाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. मडगावपर्यंतचं तिकीट काढून पुन्हा म्हापशाला उलटं येण्यात अर्थ नाही. कोकणात तर स्टेशनच्या नावावर जाऊच नका. ‘राजापूर रोड’ स्टेशनच्या नावातला तो ‘रोड’ फार मोठा आहे. गाव तिथून चांगलंच लांब. रत्नागिरीलाही स्टेशन शहराबाहेर आहे. पहाटे तीनला उतरलात तर एसटी मिळेल का, रिक्षावाला काय सांगेल, हे आधी गावाकडच्या माणसाला फोन करून विचारा. कणकवली-कुडाळवाल्यांना ही काळजी कमी.

सव्वा तास म्हणजे खरोखर सव्वा तास समजणं

देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि बोर्डिंग गेट पंचवीस मिनिटं आधी. डोंबिवलीच्या माणसाचं गणित मांडू. घरातून विमानतळ, ट्रॅफिकची भीती धरून, दोन तास. तिथे दीड तास. हवेत सव्वा तास. बॅग येईपर्यंत अर्धा तास. पुढे टॅक्सीचा एक ते दीड तास. झाले की सव्वासहा ते पावणेसात तास! पाऊस नसतानाच्या वेळापत्रकात वंदे भारत सीएसएमटीहून मडगावला पावणेआठ तासांत पोचते आणि ती ठाण्याला थांबते. ठाण्यापलीकडच्या माणसाला विमानाने फार काही वाचत नाही. अंधेरी-पार्ल्याच्या माणसाचं मात्र वेगळं. त्याने खुशाल विमानाने जावं.

आता मुंबईच्या बाजूलाही दोन विमानतळ झालेत. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाल्यापासून तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते वाचल्याशिवाय टॅक्सी बोलावू नका. पनवेल-खारघरवाल्यांचा हिशेब यामुळे बदलला, बोरिवलीकरांचा नाही.

आणि परतीचं वजन. बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर सामानाला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो मिळतात. सर्वात स्वस्त तिकिटात कधी कधी फक्त हातातली बॅग. मे महिन्यात गावाहून आंब्याच्या पेट्या, काजू, कोकमं घेऊन येणाऱ्याने हे आकडे तिकीट काढण्याआधी वाचावेत. काउंटरवर वाढीव वजनाचे पैसे भरताना हापूस गोड लागत नाही.

मे महिन्याचा अनुभव ऑगस्टला लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. या काळात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि जोराचा पाऊस असेल तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवतात. पावणेआठ तासांची वंदे भारत मग दहा तास घेते आणि आठवड्यातून सहा दिवसांऐवजी तीनच दिवस धावते. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं, मग काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली. दोन्ही वेळा गाड्या तासन् तास अडकल्या.

म्हणून पावसाळ्यात ट्रेनमधून उतरून त्याच दिवशी विमान, लग्नाचा मुहूर्त किंवा कोर्टाची तारीख गाठायचा बेत करू नका. मधे एक रात्र ठेवा. विमानही पावसात घिरट्या घालतं किंवा परत फिरतं, पण निदान ते ज्या दिवशीचं त्या दिवशी निकालात निघतं. रस्त्याचं विचारूच नका: मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि पावसात त्याचे खड्डे कोकणी माणसाला पाठ झालेत.

तारीख आणि वेटिंग लिस्ट

दादर-सावंतवाडी तुतारी एक्स्प्रेस रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून शुक्रवारचं तिकीट काढलं, की गाडी गुरुवारी मध्यरात्रीच गेलेली असते! तिकीट शनिवारचं हवं.

आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. गणपतीच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात, तेव्हा उलटी मोजदाद कॅलेंडरवर करून ठेवा. ऑनलाइन तिकीट वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात; ते दाखवून डब्यात चढता येत नाही. आणि ‘शेवटी तत्काळ आहेच’ म्हणणाऱ्यांनी आधार जोडणी आजच करावी, कारण जुलै २०२५ पासून तिच्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. एसीचं सकाळी १० ला, बाकीचं ११ ला.

सीएसएमटीच्या प्लॅटफॉर्मच्या कामामुळे मध्यंतरी काही कोकण गाड्या दादर किंवा ठाण्यापर्यंतच येत होत्या. निघायच्या आदल्या दिवशी गाडी कुठून सुटते ते पुन्हा एकदा तपासा.

गाडीचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल नव्हे

सहाशे किलोमीटर, लिटरला पंधराचं मायलेज, म्हणजे एका बाजूला चाळीस लिटर. लिटर शंभरच्या वर धरलं तर जाऊन-येऊन आठ हजारांपुढे, वर टोल. चौघं असाल तर माणशी दोन-सव्वादोन हजार, ठीक आहे. दोघांसाठी ट्रेन स्वस्त. मात्र आजी-आजोबा, सामान आणि गावातल्या चार घरी फिरणं असेल तर गाडीला तोड नाही, तिथे मी पैशाकडे बघणार नाही.

एकट्या चालकाच्या भरवशावर रात्री निघू नका. बरेच जण महामार्ग टाळून पुणे-सातारा-निपाणी-आजरा-आंबोली असं जातात. रस्ता चांगला, पण लांब, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोलीत धबधब्याजवळ गाड्यांच्या रांगा. फास्टॅगचा वार्षिक पास घेतलाय म्हणून टोल संपला असं समजू नका. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा, तिथे पैसे कापले जातातच. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांसाठी सरकार टोलमाफीचे पास देतं, ते आरटीओ किंवा पोलिसांकडून निघण्याआधी घ्यावे लागतात. नाक्यावर हुज्जत घालून मिळत नाहीत.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने रायगडातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत कार रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेण्याची सोयही केली होती. एका कारचे ७८७५ रुपये. पण कोलाडपर्यंत स्वतःच चालवत जायचं आणि ट्रेन सुटण्याच्या तीन तास आधी तिथे हजर व्हायचं. गाव वेर्ण्याच्या आसपास नसेल तर उलटं चालवत येण्याचं गणित आधी करा.

अडकलातच तर

ट्रेन तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि जायचं नसेल, तर पूर्ण पैसे मिळतात. मात्र गाडी तिथून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरलेला हवा. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी भरू म्हटलं की गेले. विमान सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा असतो, आणि मुंबई-गोव्यासारख्या छोट्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय. काउंटरवर जाऊन मागावं लागतं. रांगेत उभे असतानाच फोनवर ॲपही उघडा. दुसऱ्या विमानातल्या जागा तिथे आधी संपतात. गाडी घाटात बंद पडली तर माणसं वळणावर रस्त्याच्या कडेला उभी करू नका, कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे न्या, इशाऱ्याचा लाल तिकोन गाडीच्या मागे बराच लांब ठेवा आणि मग फोन लावा.