कॉलेजच्या ऑफिसात लिपिक म्हणून लागताय, तर आधी हे वाचून घ्या

सगळ्यात आधी जागा कुठली आहे ते बघा. अनुदानित कॉलेजमधलं मंजूर पद वेगळं आणि त्याच कॉलेजच्या विनाअनुदानित कोर्ससाठी संस्थेने ठेवलेला क्लार्क वेगळा. दोघं एकाच ऑफिसात शेजारीशेजारी बसतात, काम सारखंच करतात, पण एकाचा पगार शासनाकडून सेवार्थमधून (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून) निघतो आणि दुसऱ्याचा संस्था ठरवेल तेवढा. म्हणून मुलाखतीच्या वेळी विचारायला लाजू नका की पद मंजूर आहे का, भरतीला उच्च शिक्षण सहसंचालक ऑफिसची एनओसी (ना-हरकत) आहे का, आरक्षणाचं रोस्टर तपासून झालंय का. आणि 'नंतर परमनंट करून घेऊ' म्हणत कोणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठून या, घरचं सोनं मोडून पैसे भरलेली आणि दहा वर्षं नेमणुकीच्या अप्रूव्हलची वाट बघत बसलेली माणसं मी जवळून बघितलीत.

टायपिंगचं मराठी ३० आणि इंग्रजी ४० चं सर्टिफिकेट आणि एमएस-सीआयटी आधीच करून ठेवा. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पूर्ण करा, आमच्याकडे शिपाई म्हणून लागलेले एक मामा असंच शिकत शिकत लिपिक झाले आणि हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले.

आता खरं काम. कॉलेजात टेबलं बरीच असतात, आवक-जावक, ॲडमिशन, परीक्षा, स्कॉलरशिप, आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या नोकरीसंबंधीची कामं), अकाउंट्स. बहुतेक जण एका टेबलाला चिकटतात आणि तिथेच वीस वर्षं काढतात, कारण तिथलं सगळं अंगवळणी पडलेलं असतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, दोन-तीन वर्षं झाली की स्वतःहून प्राचार्यांना किंवा ओएस (ऑफिस सुपरिटेंडेंट) साहेबांना सांगा की मला दुसरं टेबल द्या. ज्याला परीक्षेचं आणि आस्थापनेचं दोन्ही कळतं, त्याला विचारल्याशिवाय ऑफिसातली फाइल पुढे सरकत नाही, आणि वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक, मोठ्या कॉलेजात रजिस्ट्रार, या वाटेवर हेच उपयोगी पडतं.

पण मला विचाराल तर सुरुवात स्कॉलरशिपपासून करावी. मी त्या टेबलाला होतो तेव्हा एसवायची (दुसऱ्या वर्षाची) एक मुलगी तीन वेळा येऊन गेली, महाडीबीटीवर (स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर) पैसे जमा झाल्याचं दिसतंय पण खात्यात एक रुपया नाही, आणि तिच्या वडिलांची पक्की समजूत झालेली की ऑफिसनेच खाल्ले. चौथ्या वेळी मी तिला शेजारी खुर्चीवर बसवलं, तिच्याच मोबाईलवर ओटीपी घेऊन आधार कुठल्या बँकेला लिंक आहे ते बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव. तिला आठवेना, मग एकदम म्हणाली, सर, शाळेत असताना झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या शाखेत जाऊन पासबुक भरून आली, सगळे पैसे तिथेच होते. पासबुक माझ्यासमोर उघडून धरलं तिने. तेव्हापासून आम्ही ॲडमिशनच्या वेळीच आधार लिंक तपासायला लागलो. महाडीबीटीच्या क्लार्क लॉगिनला पडून राहिलेला एक अर्ज म्हणजे कोणाच्या तरी घरची फी असते, त्यामुळे ते लॉगिन रोज उघडायचं, शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही.

खिडकीवरच्या पोरांशी नीट बोला. एसटीने तासभर प्रवास करून आलेल्या पोराला 'आज साहेब नाहीत, उद्या ये' म्हणणं सोपं असतं. त्यापेक्षा कागदाच्या चिठोऱ्यावर लागणारी सगळी कागदपत्रं एकदाच लिहून द्या, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एकदा आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी परत एकदा असे हेलपाटे होत नाहीत.

टीसी लिहिताना जनरल रजिस्टर समोर उघडं पाहिजे. पोरगं तोंडाने सांगतंय म्हणून जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग लिहायचं नाही, नोंद बघूनच लिहायचं, कारण हाच कागद पुढे नोकरीला, पासपोर्टला, जात पडताळणीला निघतो आणि एका काना-मात्रेसाठी माणूस कोर्टाचं ॲफिडेव्हिट करत फिरतो.

टिपणी, म्हणजे फाइलवर वरिष्ठांच्या मंजुरीसाठी मांडायची नोंद, लिहायला शिका, यात खूप जण मागे पडतात. विषय, संदर्भ, आत्तापर्यंत काय झालं, नियम काय म्हणतो, आपण काय सुचवतोय, आणि खाली 'मान्यतेस्तव सविनय सादर'. नियम म्हणजे ऐकीव नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी १९८४ चा स्टँडर्ड कोड आहे, २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, शासन निर्णय शासनाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. विषयवार फोल्डर करून ठेवा, माहिती अधिकाराचा अर्ज आला की ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि तेव्हा हेच फोल्डर कामाला येतं. नॅकच्या (कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनाच्या) वेळी पण तसंच, दरवर्षीचा एक्यूएआर (नॅकला द्यायचा वार्षिक अहवाल) आणि एआयएसएचईचा (केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा) डेटा ज्याच्याकडे नीट असतो त्याला प्राचार्य स्वतः केबिनमध्ये बोलावून बसवतात, पाच वर्षांचे कागद एका महिन्यात शोधणं किती हाल करतं ते मी अनुभवलंय.

शेवटचं, आणि हे मी फार उशिरा शिकलो. दुसऱ्यांचं रेकॉर्ड सांभाळताना स्वतःचं विसरू नका. माझ्या सेवापुस्तकात (नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकात) चार वर्षांची सेवा पडताळणीच झाली नव्हती हे पगारनिश्चितीच्या वेळी कळलं, तोवर तेव्हाचे प्राचार्य रिटायर झालेले, मग जुनी पगारपत्रकं काढून एकेक महिना जुळवत बसलो. दरवर्षी वेतनवाढ लागली की सेवापुस्तक मागून घ्या, पडताळणीचा शिक्का, रजेचा हिशोब, नॉमिनी सगळं बघा. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांनी एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) हप्ता आणि शासनाचा हिस्सा खात्यावर दिसतोय का तेही तपासा. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, नोंदी करून घरी ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको.