ना तीन, ना पंचावन्न: डोळ्यांच्या दाहाची चाचणी शिकताना

विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात माझ्यासमोर बर्फाचा एक डबा आला, आणि त्यात क्षारयुक्त द्रावणात बुडवलेले गुरांचे डोळे होते. प्राण्यांवरील चाचणीला पर्याय म्हणजे काचेच्या बशीतल्या पेशी आणि संगणक, अशी माझी समजूत होती, त्यामुळे मी क्षणभर गोंधळले. हे डोळे कत्तलखान्यातून येतात. जनावर अन्नासाठीच कापलेले असते, चाचणीसाठी वेगळा जीव घेतला जात नाही, आणि डोळे शक्यतो त्याच दिवशी वापरावे लागतात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे, कारण पहिल्या डब्यापाशीच काही जण मागे फिरतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पर्याय कशाला, हे कळण्यासाठी मूळ चाचणी कळली पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात काम करणाऱ्या जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांसह १९४४ मध्ये तिची पद्धत मांडली. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि डोळ्यातील बदलांना गुण द्यायचे. एकूण ११० गुणांपैकी ८० गुण एकट्या पारपटलाचे, म्हणजे कॉर्नियाचे. परितारिका (डोळ्यातला रंगीत पडदा) आणि नेत्रश्लेष्मला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण) यांच्या वाट्याला उरलेले ३०. आजच्या बहुतेक पर्यायी चाचण्या कॉर्नियाभोवतीच का फिरतात, याचे निम्मे उत्तर या वाटणीत आहे. गुण देणारा मात्र माणूसच असतो. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या संशोधकांनी तेच पदार्थ अनेक प्रयोगशाळांकडून तपासून घेतले, तेव्हा निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. ज्या मापाशी आपल्या नव्या पद्धती ताडून पाहिल्या गेल्या, ते मापच थोडे हलते आहे, हे नवख्यांना फारसे कोणी सांगत नाही.

मला बीकॉप, म्हणजे गुरांच्या कॉर्नियाची अपारदर्शकता व पार्यता (द्रव आरपार झिरपू देण्याचे प्रमाण) मोजणारी चाचणी, शिकायला चार महिने लागले. कागदावर ती सोपी दिसते. कॉर्निया भोवतालच्या पांढऱ्या कडेसह कापून काढायचा, दोन कप्प्यांच्या धारकात बसवायचा, ३२ अंश सेल्सिअसला किमान तासभर स्थिरावू द्यायचा, द्रव पदार्थ असेल तर ०.७५ मिलिलिटर घालून दहा मिनिटांनी धुवायचा आणि दोन तासांनी त्यातून प्रकाश किती जातो ते मोजायचे. पण कापताना बोटाचा दाब जरा वाढला की कॉर्नियावर सुरकुती पडते, आणि ती सुरकुती पुढे रसायनाने केलेली इजा म्हणून मोजली जाते. माध्यम, म्हणजे कॉर्निया टिकवणारा पोषक द्रव, भरताना मागचा कप्पा आधी भरायचा, म्हणजे कॉर्निया आपल्या नैसर्गिक गोलाईत येतो. मी पहिल्या दिवशी उलटे केले आणि तिन्ही धारकांत बुडबुडे अडकले. धुण्याच्या माध्यमात फिनॉल रेड हे रंगद्रव्य असते. आम्ल किंवा अल्कली शिल्लक असेपर्यंत त्याचा रंग बदलत राहतो, म्हणून तीनदा धुतले म्हणजे झाले असे न मानता रंग टिकेपर्यंत धुवावे, आणि शेवटचे धुणे फिनॉल रेड नसलेल्या माध्यमाने करावे, नाहीतर तो लालसरपणाच मोजमापात शिरतो.

यानंतर पुढच्या कप्प्यात सोडियम फ्लुरेसीन हे रंगद्रव्य घालून नव्वद मिनिटे थांबतात आणि कॉर्नियातून मागे किती झिरपले ते ४९० नॅनोमीटरवर मोजतात. अपारदर्शकतेत या मोजणीची पंधरा पट मिळवली की अंतिम अंक निघतो. तो ३ किंवा त्याहून कमी असेल तर रसायनांच्या धोक्याच्या जागतिक वर्गीकरणात पदार्थाला डोळ्यांच्या दाहासाठी वर्ग देण्याची गरज नाही. ५५ च्या वर असेल तर तो गंभीर इजा करणारा, म्हणजे पहिल्या वर्गातला. समजा अपारदर्शकता १.८ आली आणि झिरपण्याची मोजणी ०.०६, अंक होतो २.७. तीच मोजणी ०.१० आली तर ३.३. या एवढ्याशा फरकाने पदार्थ "सुरक्षित" या बाजूवरून "सांगता येत नाही" या बाजूला जातो, आणि तो फरक कधीकधी रसायनाचा नसून धारक नीट न आवळल्याचा असतो. मोजणीचे यंत्र शिकायला अर्धा दिवस पुरतो. ओरखडा असलेला कॉर्निया उचलून बाजूला ठेवणारी नजर यायला वेळ लागतो.

मानवी पेशींपासून वाढवलेल्या कॉर्नियासदृश ऊतीची चाचणी दिसायला जास्त नेटकी. पदार्थ लावून धुतल्यावर ऊतीला एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य देतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे फॉर्मझान करतात, आणि जांभळेपणावरून किती पेशी जगल्या ते कळते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात जगण्याचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक असेल तर वर्गीकरण लागत नाही. माझ्या हातून एक गडद रंगाची भुकटी या चाचणीत दिमाखात उत्तीर्ण झाली होती. अहवाल लिहायला घेतला तेव्हा एका ज्येष्ठ सहकारी मॅडमनी विचारले, "ऊतीशिवाय नुसती भुकटी एमटीटीत टाकून पाहिलीस का गं?" टाकली, तीन तासांत द्रावण जांभळे. भुकटी स्वतःच एमटीटीचे रूपांतर करत होती. मग मारलेल्या ऊतीवर तीच चाचणी करून तेवढा जांभळेपणा वजा केला, तेव्हा आकडा साठच्या बराच खाली आला. पूर्वतपासणीचे हे तीन तास मी वाचवले होते.

साठच्या खाली आला म्हणून पदार्थ गंभीर इजा करतो, असेही ठरत नाही. या चाचणीला एकच प्रश्न नीट कळतो: पदार्थ निरुपद्रवी आहे का? सौम्य असण्याची शक्यता असलेल्या पदार्थासाठी म्हणून तिच्यापासून सुरुवात करतात, आणि जहाल वाटणाऱ्यासाठी बीकॉप आधी लावतात. अडचण मधल्या पदार्थांची आहे. जागतिक वर्गीकरणात दुसरा वर्ग म्हणजे २१ दिवसांत भरून येणारा दाह. कापून आणलेला कॉर्निया २१ दिवस जगत नाही, त्याला अश्रू नाहीत, पापणी नाही. जखम भरताना तो आपल्याला दाखवणार तरी कसा? इजा किती खोल गेली यावरून अंदाज बांधता येतो. ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे यासाठीच शिकावे, आणि ते बहुतेक नवखे टाळतात. २०२२ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ४६७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत रसायनाचे भौतिक गुणधर्म आणि एकाहून अधिक चाचण्या ठरावीक नियमाने जोडण्याची रीत दिली, त्याने हा मधला पट्टा काही प्रकारच्या रसायनांसाठी आवाक्यात आला.

शिक्षण प्राणिशास्त्राचे, औषधनिर्माणाचे, जीवरसायनाचे, कोणतेही चालते. मुलाखतीत मी उमेदवाराला बीकॉपचा अंक २० आल्यास अहवालात काय लिहाल, असे विचारते. बरेच जण "मध्यम दाहकारक" म्हणतात. या एका चाचणीवरून भाकीत करता येत नाही, असे लिहायचे असते, आणि त्याखाली पुढची कोणती चाचणी आणि का, ते.